स्विफ्टला १६ इंची मॅगव्हील, १९५ चे टायर आणि मागे स्पेसर: शहरातल्या वापराला काय घ्यावं?

सिडको_एन७
गाडी २०१९ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल. कंपनीचे टायर १६५/८० आर१४, लोखंडी रिमवर. टायर खुणेपर्यंत घासलेत, म्हणजे बदलायचेच आहेत. वापर बहुतेक संभाजीनगर शहरातला: सिडको ते वाळूज एमआयडीसी, जालना रोड, बीड बायपास. कधीतरी समृद्धीने नागपूरकडे.

दुकानदाराने असा सेट सुचवलाय: १६ इंची मॅगव्हील (अलॉयचा रिम), ७जे म्हणजे ७ इंच रुंदी, ईटी ३८, आठ भोकांचं (चार भोकं १०० मिमीच्या वर्तुळावर, चार १०८ च्या, म्हणून ४×१०० आणि ४×१०८ दोन्हीला चालतं म्हणे), मधलं भोक ७३.१ मिमी. त्यावर १९५/५५ आर१६. शिवाय मागची चाकं आत गेल्यासारखी दिसतात म्हणून मागे २० मिमीचे स्पेसर, म्हणजे चाक बाहेर आणायला हब आणि रिमच्या मधे टाकायच्या चकत्या.

प्रश्न दोन. शहरात चालवायला हे माप बरोबर आहे का? आणि स्पेसर बसवावेत का? ज्यांच्या हाताखालून अशी कामं गेली आहेत त्यांनी कारणासकट सांगा, नुसतं हो-नाही नको.

वाळूजफिटर
आधी व्यास बघा. सूत्र सोपं आहे: टायरची रुंदी गुणिले टक्केवारी म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची. ती दोनदा घ्यायची, त्यात रिमचे इंच गुणिले २५.४ मिळवायचे.

१६५/८० आर१४ ची भिंत १३२ मिमी, पूर्ण व्यास ६१९.६.
१८५/७० आर१४: भिंत १२९.५, व्यास ६१४.६.
१८५/६५ आर१५: भिंत १२०.२५, व्यास ६२१.५.
१९५/५५ आर१६: भिंत १०७.२५, व्यास ६२०.९.

चारही मापं एक टक्क्याच्या आत बसतात. म्हणजे स्पीडोमीटर, ओडोमीटर, गिअरचा ताण, एबीएस यातलं काही बिघडणार नाही. दुकानदाराने माप चुकीचं दिलेलं नाही. पण व्यास तेवढाच ठेवून रिम दोन इंचांनी वाढवला की भिंतीतून २५ मिमी रबर आणि हवा गेली. खड्ड्याच्या कडेवर चाक आदळतं तेव्हा रिम वाचवते ती हीच उंची. शहरातल्या गाडीला माझं मत १५ इंच, १८५/६५. हे गाडीचं मूळ मापच आहे, स्विफ्टच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनी हेच देते.

रिमवाला_जालना
फिटर भाऊंचं गणित मान्य, निष्कर्ष पूर्ण मान्य नाही. १९५/५५ आर१६ नव्या बलेनोच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनीकडूनच येतं. ती गाडी आपल्याच रस्त्यांवर फिरते. रुंद टायर आणि आखूड भिंत म्हणजे वळणावर गाडी कमी झुलते, स्टेअरिंगला उत्तर लवकर मिळतं. हवा नेमकी ठेवली आणि खड्डे बघून चालवलं तर १६ इंच शहरात चालतं.

काळीमाती
@रिमवाला_जालना, "खड्डे बघून" हेच तर अवघड आहे. आपल्याकडचा रस्ता काळ्या मातीवर बसलेला. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि डांबराखालचा थर दर वर्षी हलतो. म्हणून खड्डा रस्त्याच्या मधोमध कमी, कडेला जास्त. डांबराची कड तुटून धारदार पायरी होते आणि पाऊस साचला की ती दिसतच नाही. शहरात पाइपलाइनसाठी खोदून बुजवलेले चर वेगळेच. चराची माती दोन पावसात खाली बसते आणि आडवी पट्टी तयार होते. तिरका खड्डा एका चाकाला लागतो, आडव्या चरात दोन्ही पुढची चाकं एकदम आदळतात.

अशा पायरीवर आखूड भिंतीचा टायर रिमच्या ओठात आणि दगडात चिमटला जातो. आतले पॉलिएस्टरचे धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. फुगा आलेल्या टायरला इलाज नाही. पॅच लावून, हवा कमी करून, मागे टाकून, कसाही चालवायचा नाही. धागे तुटलेले असतात, नुसतं वरचं रबर हवा धरून असतं.

वाळूजफिटर
आणि बलेनोबद्दल: तिथे रिम, ईटी, शॉकॲब्सॉर्बर, स्प्रिंग हे सगळं त्या मापासाठी एकत्र जुळवलेलं आहे. इथे तोच टायर ७जे ईटी ३८ रिमवर चढतोय. १९५/५५ ला रिम ५.५ ते ७ इंच चालतो, त्याचं मोजमाप ६ इंची रिमवर धरलेलं असतं. ७जे म्हणजे शेवटची मर्यादा. अशा रिमवर टायरची भिंत बाहेरच्या बाजूला ताणून बसते, रिमचा ओठ उघडा पडतो. फूटपाथला पहिला खरचटा टायरला नाही, रिमला जातो.

लातूरपॅटर्न
ईटी म्हणजे काय ते कोणी नीट सांगेल का? दुकानात सगळे आकडे फेकतात, अर्थ कोणी सांगत नाही.

अलाइनमेंट_दादा
सांगतो. रिमच्या रुंदीच्या बरोबर मधोमध एक काल्पनिक रेष धरा. हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) टेकणारा रिमचा चेहरा त्या रेषेपासून किती मिमी बाहेर, म्हणजे गाडीच्या बाहेरच्या बाजूला, तो ईटी. ईटी जास्त तर चाक आत, ईटी कमी तर चाक बाहेर. रिमच्या मागच्या बाजूला किंवा आऱ्यावर ओतलेला असतो.

आकडा पुसलेला असेल तर मोजता येतो. टायर न चढवलेला रिम पालथा ठेवा, आतल्या ओठावर सरळ पट्टी आडवी टाका आणि पट्टीपासून हबच्या चेहऱ्यापर्यंतचं अंतर मोजा. त्यातून रिमच्या एकूण रुंदीचा अर्धा भाग वजा करा. लक्षात ठेवा, ६जे म्हणजे ओठांच्या आतलं माप, १५२.४ मिमी. बाहेरून बाहेर साधारण १७८ भरतं, त्याचा अर्धा ८९. पट्टीचं अंतर १३४ आलं तर ईटी ४५.

आता धागाकर्त्याचा रिम. तुमचा मूळ रिम ५जे ईटी ४५ आहे असं धरून हिशेब करतो, तुम्ही स्वतःच्या रिममागचा खरा आकडा टाकून बघा. ५ वरून ७ इंच म्हणजे ५०.८ मिमी वाढ, दोन्ही बाजूंना २५.४. ईटी ७ ने कमी. बाहेरचा ओठ २५.४ + ७ = ३२.४ मिमी बाहेर. आतला ओठ २५.४ − ७ = १८.४ मिमी आत, म्हणजे शॉकॲब्सॉर्बरच्या बाजूला. मागे २० चा स्पेसर टाकला की बाहेरचा ओठ ५२.४ मिमी बाहेर! मडगार्डच्या रेषेबाहेर टायर जाणार, मागे चार माणसं बसली की आर्चची धार टायरच्या खांद्याला घासणार आणि पावसात दारावर चिखल उडणार.

पुढे उलटा त्रास. १८ मिमी आत आलेला टायर शॉकच्या नळीला किंवा स्प्रिंगच्या वाटीला किती जवळ येतो ते बघायलाच हवं. वाटी भिंतीच्या वरच्या भागाला जवळ असते. उभ्या गाडीत बोटभर जागा दिसते, पण स्टेअरिंग पूर्ण वळवून आणि गाडी जॅकवर चढवून-उतरवून बघितल्याशिवाय खात्री धरू नये.

गोदाकाठ_नांदेड
जागा तपासायची घरगुती पद्धत: मळलेली कणीक घ्या. फेंडरच्या आतल्या लायनरवर, आर्चच्या धारेच्या आतून आणि शॉकच्या वाटीवर सुपारीएवढे गोळे चिकटवा. गाडीत पाच माणसं बसवा, दोन्हीकडे पूर्ण स्टेअरिंग फिरवत हळू चाला, दोन ब्रेकर ओलांडा. मग गोळे बघा. जिथला गोळा दबून ५ मिमीपेक्षा पातळ झाला तिथे उद्या टायर लागणार. चिकणमातीनेही होतं, कणीक चिकटते चांगली.

रिमवाला_जालना
कणकेची पद्धत उत्तम. दादांचा हिशेबही बरोबर. ७जे स्विफ्टला रुंदच आहे, ६जे ईटी ४० च्या आसपासचा रिम मिळाला तर १६ इंचाचा माझा मुद्दा तरीही उभा राहतो. मी फक्त एवढं म्हणेन की आठ भोकांचा रिम घेऊ नका. पीसीडी (भोकांच्या वर्तुळाचा व्यास) एकच असलेला, चार भोकांचा घ्या. आठ भोकं पाडली की मधल्या भागात धातू कमी राहतो, आणि चुकून ४×१०८ च्या भोकात नट ओढून बसवला की रिम हबच्या मध्यावर कधीच येत नाही.

वाळूजफिटर
मधलं भोकही बघा. स्विफ्टच्या हबचा ओठ ५४.१ मिमी आहे, रिमचं भोक ७३.१. मधे जवळपास साडेनऊ मिमीची पोकळी सगळीकडून. कंपनीचा रिम हबच्या ओठावर बसून मध्यावर येतो. हा रिम फक्त नटांच्या कोनावर मध्यावर येणार. नट आवळताना गाडीचं वजन थोडं जरी चाकावर असेल तर रिम एका बाजूला सरकून बसतो आणि ७०-८० च्या वेगाला स्टेअरिंग थरथरायला लागतं. मग बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक पुन्हा पुन्हा चढतं आणि तिथे शून्य दाखवतं, कारण मशीन रिम स्वतःच्या शंकूवर बरोबर मध्यावर पकडतं.

उपाय हबरिंग: ७३.१ बाहेरून, ५४.१ आतून. प्लॅस्टिकची चालते, गंजत नाही. ॲल्युमिनियमची घेतली तर ती काही वर्षांत हबच्या गंजाला चिकटते आणि रिम काढताना हातोडा लागतो. रिंग बसवूनच नट आवळायचे, चाक जमिनीला टेकवण्याआधी.

शेंद्रा_बोल्ट
नटांचा विषय निघाला म्हणून. मारुतीचा स्टड (हबवरचा आटेवाला दांडा, ज्यावर नट चढतो) एम१२×१.२५, म्हणजे १२ मिमी जाड आणि दोन आट्यांत १.२५ मिमी अंतर; ह्युंदाई आणि होंडाचा एम१२×१.५. बाजारात दोन्ही नट एकाच डब्यात पडलेले असतात. आटे जुळत नाहीत, दोन वळसे हाताने जातात, मग इम्पॅक्ट गनने ओढला की स्टडचे आटे सोलले जातात. म्हणून प्रत्येक नट हाताने शेवटपर्यंत फिरवून बघावा, गन नंतर.

नटाचं बूड पण वेगवेगळं. मारुती, ह्युंदाईचं ६० अंशाचं शंकू. होंडाचं मूळ बूड गोल. बाहेरचे मॅगव्हील बहुतेक शंकूचे. गोल बुडाचा नट शंकूच्या खड्ड्यात एका बारीक रेषेवर टेकतो, ढिला होतो. स्कोडा आणि फोक्सवॅगनला तर स्टडच नाही, हबमध्ये आत जाणारा एम१४×१.५ बोल्ट. त्याला स्पेसर टाकला की बोल्ट स्पेसरच्या जाडीएवढा लांब हवा. ५ चा स्पेसर आणि जुनाच बोल्ट हा प्रकार धोक्याचा आहे.

ट्रॅक_रुंद
स्पेसरला सगळे वाईट म्हणतायत म्हणून दुसरी बाजू मांडतो. स्पेसर हे साधन आहे. चांगल्या धातूचं, योग्य जाडीचं, नीट बसवलं तर ते सुरक्षित असतं. गरज खरी असेल तरच: मोठा ब्रेक कॅलिपर रिमच्या आऱ्याला लागतोय, किंवा आतल्या बाजूला शॉकशी जागा कमी पडतेय.

दोन जाती आहेत. पहिली पातळ चकती, ३ किंवा ५ मिमी, मूळ स्टडवरच सरकते. इथे दोन गोष्टी खातात. स्टडची पकड कमी होते आणि हबचा ओठ बुजतो. नट निदान स्टडच्या जाडीएवढा आट्यांत गेला पाहिजे. एम१२×१.२५ ला १२ मिमी म्हणजे जवळपास दहा वळसे, एम१२×१.५ ला आठ. मोजायचं सोपं: नट हाताने आवळत पूर्ण बसेपर्यंत वळसे मोजा. कमी भरले तर लांब स्टड ठोकून घ्या, नाहीतर स्पेसर काढा. हबचा ओठही साधारण ८-१० मिमी वर असतो, त्यातला वरचा भाग उताराचा. ५ ची चकती टाकल्यावर रिमला धरायला ओठ उरतो का ते बघा.

दुसरी जात जाड, २० किंवा २५ मिमी, हबला स्वतंत्र नटांनी बसते आणि तिला स्वतःचे स्टड असतात. ही घ्यायची तर ६०६१-टी६ किंवा ७०७५ ॲल्युमिनियमची, घडवून कातलेली, आत ५४.१ आणि बाहेरही ५४.१ चा ओठ असलेली. ओतीव ॲल्युमिनियमची स्वस्त चकती स्टडच्या भोकापासून तडकते. मूळ स्टड स्पेसरच्या चेहऱ्याबाहेर डोकावत असेल तर रिमच्या मागे तेवढे खळगे हवेत, नाहीतर रिम स्टडच्या टोकांवर टेकतो आणि नट आवळल्यासारखे वाटूनही चाक मोकळं राहतं. १० ते १५ मिमीची जाडी टाळा. चकती म्हणून जाड, बोल्टवाली म्हणून पातळ, दोन्हीकडून अडचण.

बसवण्याची रीत: हबचा चेहरा तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत घासा. गंजाचा पापुद्रा, रंग, चिखल काही राहू नये. चेहऱ्यावर ग्रीस नको. पापुद्रा दाबला जाऊन नंतर झिजतो आणि तेवढाच नट ढिला पडतो. चकती हाताने ठेवून हलवून बघा, डुगडुगली तर थांबा. आतले नट आडव्या-उभ्या क्रमाने टॉर्क रेंचने आवळा, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावर. छोट्या गाड्यांना तो बहुधा ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. मग चाक, तसंच. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर चाक काढून आतले नट पुन्हा तपासा. बाहेरचे तर सगळेच तपासतात, ढिले होतात ते आतले.

अलाइनमेंट_दादा
@ट्रॅक_रुंद, माहिती एक नंबर आणि पद्धत बरोबर. पण तुम्ही स्वतःच म्हणालात, गरज असेल तर. इथे गरज फक्त दिसण्याची आहे. आणि २० चा स्पेसर म्हणजे ईटी ३८ वरून सरळ ईटी १८. रिम मुद्दाम रुंद घेतला, मग तोही बाहेर ढकलला. चाक बाहेर हवं असेल तर कमी ईटीचा रिम घ्या, मधे आणखी एक जोड कशाला? जोड वाढला की ढिली पडायची एक जागा वाढली.

बेअरिंगचंही सांगतो. चाकाचा भार बेअरिंगच्या मध्यावर पडावा अशी रचना असते. चाक बाहेर गेलं की तोच भार तरफेसारखा बेअरिंगच्या बाहेरच्या ओळीवर पडतो, वळणावर आणखी. बेअरिंगचा घुं-घुं आवाज लवकर सुरू होतो. पुढच्या चाकांना कोणी स्पेसर टाकला तर स्टेअरिंगचा अक्ष आणि टायर जमिनीला टेकतो तो बिंदू यातलं अंतर बदलतं. मग एक चाक डबक्यात गेलं किंवा एका बाजूच्या ब्रेकने जास्त पकडलं की स्टेअरिंग हातातून त्या बाजूला ओढतं. पावसाळ्यात बीड बायपासला उजव्या लेनमध्ये पाणी साचलेलं असतं तेव्हा हे कळतं. अलाइनमेंटने हा दोष जात नाही, मशीनवर टो-कॅम्बर (चाकांचे कोन) हिरवेच दिसतात.

ट्रॅक_रुंद
पुढच्या चाकांचं मान्य. मीही पुढे सुचवलं नव्हतं.

काळीमाती
गाडी सिडकोतली आणि चाकं देवगिरी किल्ला चढायची, असं व्हायला लागलंय धाग्याचं :)

कलम_५२
कायद्याची बाजू. मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा फेरफार मालकाने गाडीत करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमावर स्पष्ट निर्णय दिला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ(४) नुसार परवानगी नसलेल्या फेरफारासाठी मालकाला प्रत्येक फेरफाराला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

म्हणून माप निवडताना सगळ्यात भक्कम जागा म्हणजे त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरिएंटला कंपनीने दिलेलं माप. १८५/६५ आर१५ तिथे बसतं. मडगार्डबाहेर आलेला टायर आणि स्पेसर तिथे बसत नाहीत, आणि अपघाताच्या दाव्यात विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिलं तेच लिहितो. मॅगव्हील बसवले की विमा कंपनीला कळवून पॉलिसीत नोंद करून घ्या.

घासलेल्या टायरचंही: केंद्रीय मोटार वाहन नियमांत कारला ट्रेडची (टायरवरच्या नक्षीची) खोली १.६ मिमीपेक्षा कमी चालत नाही. खोबणीत जी उंच पट्टी असते ती त्याच मापाची. पट्टी आणि ट्रेड एका पातळीत आले की टायर संपला.

गोदाकाठ_नांदेड
जरा बाजूचा प्रश्न. बोलेरोला २१५/७५ आर१५ ऐवजी २३५/७५ आर१५ टाकायचं म्हणतायत लोक. शेतावर जायला उंची मिळते म्हणून.

वाळूजफिटर
व्यास ७०३.५ वरून ७३३.५. सव्वाचार टक्के वाढ. उंची १५ मिमी मिळेल, व्यासातली अर्धीच वाढ खाली येते. बदल्यात प्रत्येक गिअर तेवढा लांब होतो, चढावर भरलेल्या गाडीला क्लच जास्त घासावा लागतो आणि काट्यावर ८० दिसताना गाडी ८३ च्या पुढे असते. ओडोमीटर कमी मोजतो म्हणून मायलेज पडल्यासारखंही वाटतं. तीन टक्क्यांपुढे जाऊ नये. शेतरस्त्याला माप मोठं करण्यापेक्षा त्याच मापात जाड ट्रेडचा टायर घेतलेला बरा.

तुळजापूररोड
भाऊ, आमच्याकडं खड्ड्यापेक्षा काट्याचा लई ताप हाय. बाभळीचा काटा, त्यात वेडी बाभूळ तर रस्त्याच्या कडेला सगळीकडं. रुंद टायरला काटे जास्त लागतेत का?

काळीमाती
रुंदीने थोडा फरक, ट्रेडच्या खोलीने जास्त. नव्या टायरच्या जाड रबरात काटा मोडून राहतो, घासलेल्यात आरपार जातो. काट्याचं पंक्चर बारीक असतं, हवा दोन-तीन दिवसांत उतरते, म्हणून आठवड्याला गेज लावा. ट्यूबलेसला ट्रेडमध्ये ६ मिमीपर्यंतचं भोक आतून छत्रीच्या पॅचने दुरुस्त होतं. रस्त्यावर बाहेरून लावतात ती बत्ती तात्पुरती. खांद्याला किंवा भिंतीला भोक पडलं तर दुरुस्ती नाही. वाळूजच्या बाजूला काट्याऐवजी लोखंडी कीस, कंपन्यांच्या गेटजवळ. तो उलट रुंद टायरच्या खोबणीत जास्त अडकतो, नखाने उचकून काढत जा.

लातूरपॅटर्न
नायट्रोजन भरावा का? उन्हाळ्यात हवा फुगते म्हणतात.

अलाइनमेंट_दादा
साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. फायदा आहे पण छोटा: गळती थोडी कमी, ओलावा कमी. नायट्रोजन मिळत नाही म्हणून कमी हवेवर फिरू नये, साधी हवा मिसळली तर काही बिघडत नाही.

उन्हाचं म्हणाल तर तापमान ५-६ अंशांनी वाढलं की दाब साधारण १ पीएसआयने वाढतो. डिसेंबरच्या पहाटे भरलेली हवा एप्रिलच्या सकाळी २-३ ने जास्त दिसेल. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरायची. दुपारी ४२ अंशांत जालना रोडवरून आल्यावर दाब जास्त दिसला म्हणून हवा सोडू नका. थंड झाल्यावर ती कमी पडते, भिंत जास्त वाकते, टायर आतून तापतो. मे महिन्यात फुटणारे टायर बहुतेक कमी हवेचे असतात. समृद्धीवर १२० च्या मर्यादेत एस किंवा टी वेगाचा टायर, म्हणजे १८० किंवा १९० चा, पुरतो. तिथे वेगाच्या अक्षरापेक्षा हवा, भार आणि टायरचं वय बघा.

रिमवाला_जालना
वय कसं बघायचं तेही सांगून टाकतो. भिंतीवर डॉट अक्षरांच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. घेताना सहा महिन्यांच्या आतला मागा, आणि आयएसआय खूण बघा. मापाच्या पुढे ८५टी असं असतं. ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६०. मूळ आकड्यापेक्षा खाली कधी जायचं नाही.

सिडको_एन७
सगळ्यांचे आभार, बराच उलगडा झाला. १६ इंच आणि स्पेसर दोन्ही सोडले. आता दोन पर्याय राहिले: लोखंडी १४ इंची रिम ठेवून १८५/७०, किंवा १५ इंची मॅगव्हीलवर १८५/६५. दुसरा घेतला तर स्टेपनी १६५/८० आर१४ चीच राहील, ती चालेल का?

वाळूजफिटर
पैसे टायरवरच घालायचे असतील तर १८५/७० आर१४. ५जे रिमवर ते बसतं, त्याला ४.५ ते ६ इंच रिम चालतो. भिंत १२९.५, म्हणजे मूळपेक्षा अडीच मिमीच कमी, आणि खड्ड्याला लोखंडी रिम वाकला तरी ठोकून सरळ होतो. मॅगव्हील तडकला की वेल्डिंग करून वापरायचा नसतो.

१५ चे मॅगव्हील घ्यायचेच असतील तर ५.५ किंवा ६जे, ईटी मूळ रिमच्या ईटीपेक्षा फार तर ५ मिमी इकडेतिकडे, चार भोकांचा, ४×१००, मधलं भोक ५४.१ किंवा रिंगसकट. स्टेपनीचा व्यास १.९ मिमीनेच कमी, तेवढ्याने काही होत नाही. रुंदी कमी म्हणून ती पुढे लावून लांब जाऊ नका, पंक्चर काढेपर्यंतच. पण मॅगव्हीलचे नट लोखंडी रिमवर हाताने बसवून आजच बघून ठेवा. काही मॅगव्हीलचे नट लांब मानेचे किंवा बंद टोपीचे येतात आणि पातळ लोखंडी रिमवर टोपी आतून स्टडला टेकते. नट आवळलेला वाटतो, रिम मात्र हलतो. तसं असेल तर जुने नट एका पिशवीत घालून जॅकजवळ ठेवा.

ट्रॅक_रुंद
आणि मॅगव्हीलच्या नटाला टॉमी बसते का तेही बघा. बारीक भोकातल्या नटाला गाडीसोबतचा पान्हा जात नाही, पातळ सॉकेट लागतं.

सिडको_एन७
एकदम चारही बदलू की आधी दोन?

अलाइनमेंट_दादा
माप बदलताय तर चारही. एका धुऱ्यावर दोन मापं चालत नाहीत, आणि पुढे-मागे वेगळी मापं ठेवली तर टायर फिरवता येत नाहीत. पुढे कधी त्याच मापात दोनच घ्यायची वेळ आली तर नवे मागे टाका. ओल्या रस्त्यावर मागचं चाक आधी सुटलं तर गाडी फिरते, पुढचं सुटलं तर निदान सरळ जाते. बसवल्यावर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी, नट १०० किलोमीटरच्या आत पुन्हा टॉर्क रेंचने, आणि दर ८ ते १० हजारांनी टायर पुढे-मागे. नवा व्हॉल्व्ह प्रत्येक चाकाला घ्या. जुन्या रबरी व्हॉल्व्हला उन्हाने भेगा पडलेल्या असतात, वाकवून बघितलं की दिसतात.